‘तसं काही नाही, फक्त झोप लागत नाही’

पनवेलला माझ्याकडे येणारी बरीचशी माणसं खुर्चीत टेकता टेकताच हे वाक्य बोलून टाकतात. कुणाची ॲसिडिटी जात नसते. कुणाच्या छातीत धडधडतं आणि ईसीजी मात्र नॉर्मल आलेला असतो. विमानतळामुळे गाव उठलं आणि नव्या वसाहतीत राहायला गेल्या, अशा एका आजी म्हणाल्या होत्या, ‘मना झोप नाय येत, बाकी काय नाय.’ चहा येऊन गेला, पंधरा-वीस मिनिटं झाली आणि मग ते ‘बाकी काय’ बाहेर आलं. ओटीवरचा शेजार गेला होता, आलेल्या पैशावरून दोन मुलगे एकमेकांशी बोलेनासे झाले होते, आणि दुपार सरता सरत नव्हती.

पुढचे प्रश्नही ठरलेलेच असतात. हे डॉक्टरकडे नेण्याइतकं आहे का? नेलंच तर कुठल्या डॉक्टरकडे? गोळ्या सुरू झाल्या तर सुटतील का? ऑफिसात कळेल का? मुलीच्या लग्नात आडवं येईल का? समोर बसून जी उत्तरं देते तीच इथे एकदा लिहून ठेवते आहे. उदाहरणांतले तपशील मुद्दाम बदलले आहेत, तेव्हा त्यात ओळखीचं कुणी शोधू नका.

नुसता ताण की आजार? स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

आपल्याकडे मॅच हरली तरी ‘डिप्रेशन आलं’ म्हणतात आणि महिनोन्महिने न हसणाऱ्या वहिनींना मात्र ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडून देतात. त्यामुळे शब्द बाजूला ठेवा आणि एवढंच बघा:

- किती दिवस? उदास वाटणं किंवा कशातच गोडी न उरणं हे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, सलग दोन आठवडे चाललं असेल तर ते तपासून घ्यायला हवं.
- काय थांबलं? डबा करणं, अंघोळ, कामावर जाणं, अभ्यास, फोन उचलणं. जे काम पूर्वी विचार न करता व्हायचं त्याला आता ओढून न्यावं लागतंय का?
- शरीर काय सांगतं? पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं, भूक मरणं किंवा सारखं खात राहणं, सतत थकवा, डोकं जड, हातापायांत मुंग्या.

तीनपैकी दोन उत्तरं जरी अस्वस्थ करणारी आली तरी भेट ठरवा. ‘अजून तेवढं नाही’ असं म्हणत थांबू नका. ‘तेवढं’ म्हणजे नेमकं केवढं, हे आजवर मला कुणी सांगू शकलेलं नाही.

काही गोष्टींसाठी मात्र दोन आठवडेही थांबायचं नसतं. मरणाचे विचार येणं, नसलेले आवाज ऐकू येणं, ‘सगळे माझ्या वाईटावर आहेत’ असा पक्का संशय बसणं. किंवा उलट तऱ्हेने, दोन-तीन रात्री झोप नसूनही अंगात भलताच उत्साह संचारणं, पैसे उधळणं, अखंड बोलत राहणं. यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.

शोक हा आजार नाही, हेही सांगायला हवं. तेरावं उरकतं, पाहुणे जातात आणि खरं दुःख त्यानंतर घरात राहायला येतं. रडू येणं, गेलेल्या माणसाचा आवाज ऐकल्यासारखं वाटणं, सणाला जीव कासावीस होणं यात बिघाड काही नाही. पण सहा महिने, वर्ष उलटूनही माणूस त्याच दिवशी थांबलेला असेल, जेवणखाण, काम, नाती काहीच पुन्हा सुरू झालं नसेल तर मदत घ्या. मी स्वतः वडील गेल्यावर चार महिने रात्रीचे दोन वाजवत होते आणि दिवसा लोकांना झोपेचे नियम शिकवत होते. शेवटी एका सहकारी मैत्रिणीने मला माझंच वाक्य ऐकवलं, तेव्हा उठून तिच्याकडे गेले.

आणि शरीर आधी तपासा. थायरॉइड कमी असणं, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ घटणं, अनियंत्रित साखर यांतून हुबेहूब उदासीसारखी लक्षणं येतात. छातीत दुखणं, धाप, घाम हे पहिल्यांदाच होत असेल तर ‘टेन्शन असेल’ असं घरीच ठरवू नका, आधी कॅज्युअल्टी गाठा. हृदय ठीक आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मग पॅनिक अटॅकचा विचार करायचा. हा क्रम उलटा करू नका.

आधी घरी काय करून बघता येईल?

पनवेलहून सीएसएमटीला लोकलने सव्वा तासाहून जास्त लागतो. घर ते स्टेशन, स्टेशन ते ऑफिस वेगळंच. कामोठ्याहून, करंजाड्याहून फोर्टला जाणारा माणूस रात्री साडेनऊला घरी येतो, दहाला जेवतो आणि ‘आता कुठे स्वतःचा वेळ मिळाला’ म्हणून साडेबारापर्यंत मोबाइल बघतो. त्याला मी ‘रात्री दहाला झोपा’ असं सांगत नाही, कारण ते होणार नाही. सांगते ते असं:

- उठण्याची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा. झोपायची वेळ पुढेमागे झाली तरी हळूहळू ती मागोमाग जागेवर येते.
- वीसेक मिनिटं कूस बदलत पडलात तर उठून बाहेरच्या खोलीत बसा. डोळे जडावले की परत या. पलंग म्हणजे चिंता करायची जागा अशी मेंदूची समजूत होऊ देऊ नका.
- संध्याकाळनंतर चहा नको. ऑफिस सुटल्यावर स्टेशनाबाहेरचा कटिंगसुद्धा रात्री वसुली करतो.
- झोपेसाठी दारू नको. डोळा पटकन लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते. ‘दोन पेग घेतल्याशिवाय झोप येत नाही’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी आलं त्यांनी हा लेख दोनदा वाचावा.
- तळोज्याला पाळीत काम करणाऱ्यांनी दिवसा झोपताना खोली अंधारी करावी, आणि त्या वेळी घरच्यांनी त्यांना ‘फक्त गॅस सिलिंडर घ्यायला’ उठवू नये.

चालणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. वडाळे तलावाभोवती संध्याकाळी अर्धा तास चाललात तरी पुरे. हेडफोन काढून कुणाशी तरी बोलत चाललात तर आणखी बरं. साताऱ्याहून, जळगावहून लग्न होऊन इथल्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या कितीतरी मुलींना बाराव्या मजल्यावर दिवसभरात बोलायला माणूस नसतं. त्यांना मी ध्यानधारणेच्या आधी भाजी आणायला खाली उतरायला सांगते.

छातीत धडधड सुरू होऊन ‘आता काहीतरी होणार’ असं वाटलं तर श्वास सोडण्याकडे लक्ष द्या: चार अंक मोजत आत, सहा-सात अंक मोजत बाहेर. पाय जमिनीवर घट्ट टेका आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. लाट साधारण दहा-वीस मिनिटांत ओसरते. गाडीत असाल तर पुढच्या स्टेशनावर उतरून बाकावर बसा, पण त्याच दिवशी पुन्हा गाडीत चढा. एकदा गाडी टाळायची सवय लागली की आधी गाडी सुटते, मग स्टेशन आणि मग घराबाहेर पडणंही.

हे सगळं दोन-तीन आठवडे नेटाने करून बघा. फरक पडला नाही तर ते तुमचं अपयश नव्हे. घरगुती उपाय इथे संपले, इतकंच. ‘सकारात्मक विचार करा’ हा सल्ला मी देत नाही. ज्याला ते जमत असतं तो माझ्याकडे आलेलाच नसतो.

कुणाकडे जायचं?

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. सायकिॲट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, कौन्सेलर हे लोकांच्या लेखी एकच असतात. तसं नाही.

- फॅमिली डॉक्टर: पहिली पायरी म्हणून उत्तम. रक्त तपासतील, शारीरिक कारण शोधतील, गरज असेल तर चिठ्ठी देतील.
- मानसोपचारतज्ज्ञ: एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. औषध हे देऊ शकतात. झोप-भूक बिघडली, कामच थांबलं, भास-संशय आहेत, जिवाचा धोका आहे, तर थेट यांच्याकडे.
- क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: चाचण्या आणि मानसोपचार, म्हणजे बोलण्यातून केलेला पद्धतशीर उपचार. भारतीय पुनर्वास परिषदेकडे यांची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. हे गोळ्या लिहून देत नाहीत.
- समुपदेशक: म्हणजे माझ्यासारखे. नवरा-बायकोतले वाद, परीक्षेची भीती, नोकरीचा ताण, निर्णय होत नसणं, दुःखातून सावरणं यांसाठी. आजार जास्त वाटला तर पुढे पाठवणं हे आमचं काम आहे. पुढे न पाठवणारा समुपदेशक सोडा.

इथे कडू वाटलं तरी सांगते: ‘समुपदेशक’ अशी पाटी लावण्यापासून आज कुणालाही सहज अडवता येत नाही. आठवडाभराच्या ऑनलाइन कोर्सवर दुकान थाटलेली माणसं आपल्याच रस्त्यावर आहेत. म्हणून शिक्षण कुठे आणि किती वर्षांचं झालं, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे विचारा. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

पनवेलकरांसाठी वाटा अशा आहेत. उपजिल्हा रुग्णालयात केसपेपर काढा आणि मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी भेटतात ते विचारा. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायची वेळ आली तर त्यासाठीची चिठ्ठी इथूनच मागून घ्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कामोठ्याच्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. त्याच्या नावाने आजही पोरं एकमेकांना चिडवतात, पण तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे आणि दाखवायला गेलेल्या माणसाला कुणी ठेवून घेत नाही. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. व्यसनासाठी पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतं आहे.

घराबाहेर पडणंच शक्य नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावा. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, आणि मारहाण होत असलेल्या स्त्रियांसाठी १८१.

पहिल्या भेटीला जाताना

एका कागदावर चार ओळी लिहून न्या: त्रास कधी सुरू झाला, झोप-भूक कशी आहे, चालू असलेल्या गोळ्यांची नावं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का. दारू, तंबाखू आणि मेडिकलवाल्याकडून परस्पर घेतलेल्या गोळ्या लपवू नका. समोर बसून आम्ही न्यायनिवाडा करत नसतो.

सोबत कुणी असेल तर बरंच, पण थोडा वेळ एकट्याने बोलायचं आहे असं तुम्ही आवर्जून सांगा. माझ्या खोलीत अनेकदा बाई गप्प बसते आणि ‘हिला काय होतं’ ते नवरा सांगतो. सासूबाई आल्या असतील तर तिसरी आवृत्ती. मी सगळ्यांना बाहेरच्या बाकावर बसवते, त्यात रुसण्यासारखं काही नाही. किशोरवयीन मुलामुलींच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं. आईबाबा, ‘तो आमच्यापासून काहीच लपवत नाही’ हे वाक्य तुम्ही दाराबाहेर ठेवूनच आत या.

पैशाचं आधी फोनवर विचारा: एका भेटीचे किती, भेट किती मिनिटांची, साधारण किती भेटी लागतील. बोलण्याचा उपचार एका बैठकीत संपत नाही. तीन-चार भेटींनंतर ‘आपण कुठवर आलो’ असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. माणूस पटला नाही तर दुसरा बघा.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र उठून या:

- ‘शंभर टक्के गॅरंटी’, ‘एका सिटिंगमध्ये बरं करतो’.
- तुमचं ऐकण्याआधीच मोठ्या पॅकेजचे पैसे भरायला लावणं.
- डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायला सांगणं.
- तुमची गोष्ट, फोटो किंवा व्हिडिओ जाहिरातीसाठी मागणं.
- अंगचटीला येणं. अशा वेळी गप्प न राहता घरी सांगा आणि तक्रार करा.

गोळ्यांविषयी

‘एकदा सुरू झाल्या की आयुष्यभर’ ही भीती मी रोज ऐकते. उदासीवरच्या नेहमीच्या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही. पण त्या क्रोसिनसारख्या तासाभरात काम करत नाहीत. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, पोट बिघडणं, अस्वस्थता असे दुष्परिणाम मात्र पहिल्या आठवड्यातच दिसतात. म्हणजे तोटा आधी, फायदा मागून. नेमक्या त्याच मधल्या दिवसांत लोक औषध सोडतात. तसं करू नका, डॉक्टरांना फोन करा. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवायला सांगतात. थांबवायचं ते डोस हळूहळू कमी करत आणि विचारून. विशेषतः पंचविशीच्या आतली व्यक्ती असेल तर सुरुवातीच्या काही आठवड्यांत घरच्यांनी नीट लक्ष ठेवावं, बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढल्यासारखे वाटले तर लगेच कळवावं.

झोपेच्या गोळ्यांचा प्रकार वेगळा. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय खरोखर लागते. म्हणूनच त्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून शेजारणीची पट्टी दाखवून तीच गोळी घेऊ नका. आणि कित्येक महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, त्याने झटके येऊ शकतात.

घरातलं माणूस यायला तयार नसेल तर

मला येणाऱ्या फोनांत सर्वांत जास्त फोन या प्रश्नाचे. ‘तो म्हणतो, मला काय वेड लागलंय का?’ आपल्या भाषेतच ही खोच आहे. मनाच्या प्रत्येक दुखण्याला एकच शब्द आणि तोही शिवी म्हणून वापरायचा. तेव्हा आजाराचं नाव घेऊ नका. त्याला स्वतःला ज्याचा त्रास होतोय ते पकडा. ‘तू बदललास, तुला दाखवायला हवं’ याऐवजी ‘तुला महिनाभर झोप नाही, त्याचं काहीतरी बघू’ असं म्हणा. वेळ शांत निवडा, भांडण चालू असताना नको आणि दारू प्यायलेला असताना तर नकोच. बोलणारा माणूसही निवडा: वडिलांचं न ऐकणारा मुलगा मामाचं किंवा मित्राचं ऐकतो. तरीही नाही म्हणाला तर तुम्ही एकटे या. घरातल्या एकाने वागण्याची पद्धत बदलली तरी घरातली हवा बदलते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

संशयाच्या आजारात वाद घालू नका. ‘कुणीच तुझ्या जेवणात काही घालत नाही’ हे शंभरदा पटवलंत तरी पटणार नाही, आणि ‘हो, घालतात’ असं म्हणणंही चूक. ‘तुला भीती वाटतेय हे मला कळतंय’ इथेच थांबा. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी ‘सा’ ही संस्था उभी केली. नातेवाइकांच्या स्वमदत गटात बसलं की ‘आपल्याच घरात असं का’ हा प्रश्न पहिल्या तासाभरात हलका होतो.

दारूबद्दल दोन धोके. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट, भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. दारू सोडवायची तर डॉक्टरांच्या नजरेखाली. दुसरा धोका लोकलच्या डब्यात चिकटवलेला असतो: ‘दारू सोडवा, न सांगता’. त्या पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि काही औषधांवर दारू पडली तर रक्तदाब कोसळतो. भाजीत मिसळून कुणालाही काही देऊ नका.

त्याच डब्यात ‘करणी, भानामती, चोवीस तासांत समाधान’ वाल्या बाबांचेही कागद असतात. देवळात जाऊन तुम्हाला शांत वाटत असेल तर खुशाल जा, बल्लाळेश्वराला नमस्कार करून माझ्याकडे येणारे कितीतरी आहेत. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यानंतर तो कायदा आला. त्याचा उपयोग करा.

आणि ‘लग्न करून द्या, आपोआप सुधारेल’ हा उपाय करूच नका. लग्न हे औषध नाही. आजार लपवून लग्न लावलंत तर दोन माणसं आजारी पडतात आणि पुढे प्रकरण कोर्टात जातं. आजार आटोक्यात आल्यावर, समोरच्याला सांगून केलेली लग्नं चांगली टिकलेली मी पाहिली आहेत.

जिवाचा प्रश्न असेल तेव्हा

‘मी नसलो की तुम्ही सुटाल’, ‘आता फार दिवस नाही’ असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, निरवानिरव करणं, किंवा फार अस्वस्थ असलेला माणूस अचानक शांत होणं. ही नाटकं समजू नका. सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर:

- त्या माणसाला एकटं सोडू नका.
- औषधांचा साठा, कीटकनाशकं, फिनेल, धारदार वस्तू घराबाहेर किंवा कुलपात.
- ‘आईबापाचा विचार कर’ असं सुनावू नका. तो विचार करून करूनच ती माणसं इथवर आलेली असतात.
- १४४१६ लावा, तातडी असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि जवळच्या कॅज्युअल्टीला न्या.

प्रयत्न झालेला असेल तर काय घेतलं, किती आणि किती वाजता, हे डॉक्टरांपासून अजिबात लपवू नका. पोलिसांच्या भीतीने घरचे ‘चुकून घेतलं’ म्हणतात आणि मोलाचा वेळ जातो. रुग्णालय पोलिसांना कळवतं आणि ते जबाब घेतात, ही रीत आहे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं ११५ वं कलम असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरतं आणि शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलमही उरलेलं नाही.

कायद्याने तुमचं काय?

मानसिक आरोग्य सेवेचा हा २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातलं आणि त्याच्या जोडीच्या एक-दोन कायद्यांतलं रोज उपयोगी पडणारं एवढं:

- गुप्तता: तुमच्या संमतीशिवाय आजाराची माहिती ऑफिसला, सोसायटीला किंवा होणाऱ्या सासरी देता येत नाही. अपवाद थोडे: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणं, कोर्टाचा आदेश. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. हे सगळं मी पहिल्याच भेटीत सांगते.
- दाखल होणं: प्रौढ माणूस स्वतःहून दाखल झाला तर स्वतःहून बाहेर पडू शकतो, डॉक्टर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवू शकतात. मर्जीविरुद्ध दाखल करण्यासाठी ठरावीक अटी आणि तज्ज्ञांची तपासणी लागते, आणि सुरुवातीची मुदत ३० दिवसांपर्यंतच. नवऱ्याने सांगितलं म्हणून बायकोला ‘टाकून येणं’ कायद्यात बसत नाही.
- आगाऊ सूचना आणि नामनिर्देशित प्रतिनिधी: बरे असताना साध्या कागदावर लिहून ठेवा की पुढे आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि तुमच्या वतीने कोण बोलेल. आपल्याकडे याचा वापर जवळजवळ कुणी करत नाही. वारंवार आजार उलटणाऱ्यांनी जरूर करावा.
- विमा: शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. विमा नियामकाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा तशी ताकीद दिली. दाखल झाल्याचा खर्च बहुधा मिळतो, नुसत्या ओपीडीचा अनेक पॉलिसींत मिळत नाही. पॉलिसी घेताना आजार लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो.
- शॉक: स्नायू शिथिल करणारं औषध आणि भूल दिल्याशिवाय विद्युत उपचार करायला मनाई आहे. नीट दिला तर हा उपचार तीव्र आजारात जीव वाचवतो. सिनेमातला प्रसंग विसरा.
- अपंगत्व प्रमाणपत्र: दीर्घ मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाण ठरलं तर सवलती मिळतात, अर्ज यूडीआयडी पोर्टलवर करायचा.

हक्क डावलले गेले तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे तक्रार करता येते आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

त्या आजी अजून अधूनमधून येतात. गोळी एक आहे, तीही आता अर्धी झाली. मुलगे एकमेकांशी बोलायला लागलेत असं मी म्हणणार नाही. पण आजी दुपारी जुन्या गावच्या तीन बायकांना चहाला बोलावतात आणि रात्री झोपतात.

तुमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असेल. त्याच्या कोपऱ्यात दूधवाल्याचा खाडा आणि गॅसवाल्याचा नंबर असतो. त्यांच्या शेजारी आजच १४४१६ लिहून ठेवा.